नळाची एकादशी

भिमाजी गांगुर्डे यांनी बावीस वर्षांत एकही रजा घेतली नव्हती. हे ते कुणाला अभिमानाने सांगत नसत, कारण अभिमानालाही थोडी सवड लागते. रेणुकानगर वसाहतीचं पाणी पहाटे पाचला सोडायचं, आठला बंद करायचं. संध्याकाळी पाचला पुन्हा सोडायचं, सातला बंद करायचं. मधल्या वेळात माणूस जेवू शकतो, डुलकी काढू शकतो, फार तर पंचवटीत जाऊन रामाला हात जोडून येऊ शकतो. त्यापलीकडे पाऊल टाकायचं म्हटलं की दोनशे नळांच्या घशाला कोरड पडते. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नात भिमाजी अक्षता टाकून पंगतीला बसले, आणि मठ्ठा येण्याआधी उठले. स्वतःच्या लग्नात तेवढे शेवटपर्यंत हजर होते, कारण तेव्हा नोकरी लागायची होती.

अशा माणसाने अठ्ठ्याण्णव सालच्या गुढीपाडव्याला, श्रीखंडाची वाटी पुढ्यात असताना, एक दिवसाची रजा घ्यायचं ठरवलं. खरं म्हणजे ठरवलं मीनाताईंनी. त्या हळू बोलत. इतक्या हळू, की त्यांचं म्हणणं ऐकण्यासाठी समोरच्याला आपलं बोलणं थांबवावं लागे; आणि एकदा थांबलं की संपलंच.

"ज्योत्स्नाचं लग्न अक्षय्य तृतीयेला," त्या म्हणाल्या. "आणि गड अजून राहिलाय."

गड म्हणजे वणीचा. ज्योत्स्ना दीड वर्षाची असताना तापाने एकोणीस दिवस फणफणली होती. तेव्हा मीनाताईंनी सप्तशृंगीला बोलून ठेवलं होतं, की पोर उठून बसली तर आम्ही दोघं जोडीनं गड चढू, आणि पायरीपायरीला हळदीकुंकू वाहत तुझी ओटी भरायला येऊ. पोर विसाव्या दिवशी उठून बसली, आणि आता बी.कॉम. होऊन बोहल्यावर चढायला निघाली. देवीने आपली बाजू चोख सांभाळली होती. जोडीतला अर्धा भाग मात्र वीस वर्षं व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उभा होता.

"मी एकटी जाऊन आले असते," मीनाताई म्हणाल्या. "पण बोललेय जोडीनं. नवस बाकी ठेवून मुलीवर अक्षता टाकायला माझा हात उचलणार नाही. मी कोपऱ्यात उभी राहीन. लोकांना वाटेल, आईला जावई पसंत नाही."

भिमाजींनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि अर्ज लिहायला घेतला.

पायरीपायरीला हळदीकुंकू म्हणजे पाचशे वेळा वाकणं. सकाळच्या पाळीनंतर निघून संध्याकाळच्या पाळीला परत येणं हे देवीच्या वाघालाही जमलं नसतं. पुरता एक दिवस हवाच होता. ऑफिसात साहेबांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि चष्मा काढला.

"भिमाजी, मी तुमची फाईल मागवली. रजेचं पानच नाहीये तुमच्या फाईलला."

"मग जोडून घ्या, साहेब."

"पान जोडता येईल हो. पण पाणी कोण सोडणार? बदली माणूस पाठवतो म्हटलं तर त्याला काय कळणार कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा? तुमच्याकडे तक्ता आहे?"

तक्ता भिमाजींच्या मनगटात होता. वसाहत उतारावर वसलेली. खालची गल्ली, मधली गल्ली आणि वरची गल्ली, अशा तीन गल्ल्यांचे तीन व्हॉल्व्ह. एक खालच्या गल्लीतल्या सुलाबाईंच्या तुळशीवृंदावनाला खेटून, एक पिठाच्या गिरणीच्या पायरीखाली, एक भिमाजींच्या स्वतःच्या घरासमोर. लोखंडी चावी खड्ड्यात घालायची आणि फिरवायची. किती फेरे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बाळंतिणीला तिखट किती घालायचं हे जसं कुठे लिहिलेलं नसतं, तसंच.

"तक्ता करून आणा. तीन प्रतीत," साहेब म्हणाले.

आता देव सगळं जाणतो, पण देवाला तीन प्रती लागत नाहीत. तिथेच देवाचा आणि ऑफिसचा मुख्य फरक आहे. त्या रात्री जेवणं झाल्यावर भिमाजी डोळे मिटून हवेत हात फिरवू लागले आणि ज्योत्स्नाने आकडे टिपून घेतले. खालची गल्ली तीन फेरे. मधली सात. वरची चौदा. ज्योत्स्नाचं अक्षर मोत्यासारखं. तिने हिरव्या स्केचपेनाने चौकट काढली, वर 'श्री' घातला, आणि आकडे लाल शाईने इतके ठसठशीत काढले, की दहा पावलांवरून वाचता यावेत. पुढचा सगळा घोटाळा त्या सुंदर अक्षराने केला. भिमाजींनी स्वतः लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते तक्ता घेऊन मधल्या गल्लीतल्या सुनीलच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. सुनील कागद यंत्रात घालण्याआधी वाचत असे. त्यामुळे वसाहतीत कुणाचा कुठे अर्ज आहे, कुणाला किती मार्क पडले, कुणाची पत्रिका कुणाशी जुळली नाही, हे त्याला तोंडपाठ असे. त्याने तक्ता वाचला, तीन प्रती काढल्या आणि सवयीने एक जास्तीची काढली.

"भिमाजीकाका, वरची गल्ली म्हणजे तुमचीच ना?"

"हो. का रे?"

"काही नाही. सहज."

दुपारी चारपर्यंत ते 'सहज' तिन्ही गल्ल्यांत फिरून आलं. संध्याकाळची पाळी आटपून भिमाजी घरी आले, तर ओट्यावर सात-आठ माणसं. पुढे मुझफ्फर मास्तर. मास्तर गणिताचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण खडूची पूड अजून बोटांतून गेली नव्हती. हातात चौथी प्रत.

"भिमाजीभाऊ, आपण शेजारी आहोत, मन साफ ठेवून बोलतो," मास्तर म्हणाले. "तुमच्या गल्लीला चौदा. आमच्या गल्लीला सात. हे झालं बरोबर दुप्पट. आणि खालच्या गल्लीला तीन. म्हणजे सुलाबाईंच्या एका हंड्यामागे तुमचे चार हंडे, वर दोन तृतीयांश हंडा उरतो."

"अगं बाई," सुलाबाई म्हणाल्या. "तो उरलेला कुटं जातो?"

सुलाबाई मूळच्या हरसूलकडच्या. भाताची पेज पिऊन वाढलेल्या, सत्तरीतही ताठ. भिमाजींना त्या दर संक्रांतीला तिळगूळ देत आणि वर्षभर त्याची आठवण करून देत.

"मावशी, पाण्याला उतार असतो," भिमाजी म्हणाले. "खाली ते आपोआप धावतं. वर चढवायचं तर—"

"बावीस वरीस तुला भला माणूस म्हनत आले मी. आन् तीनच फेरे?"

"पण पाणी कमी पडलं का कधी?"

"पडलं नाय. पन तीनच होते हे ठावं नव्हतं ना तवा."

माणसाचं पोट भरलेलं असतं तोवर तो पोळ्या मोजत नाही. शेजारच्या पानातल्या मोजून झाल्या की मात्र ढेकर उपाशीपोटी येते. मग सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाला, दर गल्लीचा एक प्रतिनिधी पहाटे व्हॉल्व्हवर हजर पाहिजे. दुसरा म्हणाला, चावी मारुतीच्या देवळात ठेवावी, म्हणजे कुणाची बिशाद होणार नाही. सुनील म्हणाला, तक्ता लॅमिनेट करून लावा, माझ्याकडे सोय आहे. शेवटी मास्तरांनी निवाडा दिला: तीन, सात आणि चौदा यांची बेरीज चोवीस, भागिले तीन. प्रत्येकाला आठ फेरे.

भिमाजींचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त टोपी त्यांनी दोनदा काढून दोनदा घातली. माणसं गेल्यावर ते मीनाताईंना म्हणाले, "आठ म्हणतात. आठ तर आठ."

"अहो, आपल्या गल्लीला करंगळीएवढीही धार यायची नाही."

"न येवो. चोर म्हटलंय मला. उद्यापासून मास्तरांच्या निवाड्याप्रमाणे. एक फेरा इकडे नाही, तिकडे नाही."

मीनाताईंनी निरांजन उजळलं. रोजची त्यांची एक वात देवीच्या नावाची असे. आज त्यांनी दोन लावल्या. दुसरी बहुधा नवऱ्याच्या अकलेसाठी.

दुसऱ्या दिवसापासून वसाहतीत समता नांदू लागली. खालच्या गल्लीत आठ फेऱ्यांचं पाणी असं उसळलं, की पहिल्याच पहाटे सुलाबाईंच्या नळाचं बूच उडून थेट कोनाड्यातल्या बाळकृष्णासमोर जाऊन पडलं. अंगणातली रांगोळी वाहून गेली, तिच्यामागे पायपुसणं गेलं, आणि एक चप्पल गल्लीच्या पार खालच्या टोकाला सापडली. मधल्या गल्लीला साताचे आठ झाले, म्हणजे काहीच झालं नाही. त्यामुळे मास्तरांना आपलं गणित अगदी बिनचूक वाटत राहिलं. वरच्या गल्लीत नळ सोडले की फुस्स असा आवाज येई, जसा एखाद्या थकलेल्या माणसाने सुस्कारा सोडावा, आणि मग पुन्हा शांतता.

तीन दिवस भिमाजींनी निवाड्याप्रमाणे पाणी सोडलं. मोठ्याने मोजत सोडलं. "एक... दोन..." करत आठला असे थांबत, जसा शाळेतला पोर पाढा संपल्यावर थांबतो. गल्लीतले शेजारी त्यांच्याशी बोलेनासे झाले. खालचे आधीच बोलत नव्हते. एका बाजूने चोर आणि दुसऱ्या बाजूने मूर्ख ठरलेला माणूस घरी येऊन गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि साहेबांच्या उत्तराची वाट बघायचा. उत्तर आलं ते असं: बदली माणूस मिळाला होता, पण वसाहतीतून ऑफिसात एकाच दिवशी नऊ तक्रारी आल्याने तो म्हणाला, मी तिथे पाय ठेवणार नाही.

अक्षय्य तृतीयेला तीन आठवडे उरले होते. गडाची यात्रा पौर्णिमेला संपणार होती. तांब्याचा हंडा कमरेवर घेऊन मीनाताई खालच्या गल्लीत पाणी आणायला जात, कारण पूजेला ताजं पाणी लागे आणि त्यांच्या नळाला ते नव्हतं. चौथ्या दिवशी सुलाबाईंनी त्यांना दारात अडवलं.

"मीना, तू कशापायी येतीस इथं? चौदा फेऱ्यांचं काय करतीस?"

"आता आठच आहेत, मावशी. सगळ्यांना सारखे."

"मंग येत नाय पानी?"

"चौदांना कळशी भरायला पाव तास लागायचा. आठांना नळ नुसता उसासे टाकतो."

सुलाबाई आपल्या ओल्या ओसरीकडे बघत राहिल्या. तिथे तीन दिवस पोती अंथरली होती आणि गोधड्या वाळत नव्हत्या. मग त्यांनी मीनाताईंच्या कमरेवरचा हंडा काढून आपल्या डोक्यावर घेतला आणि त्या चढाला लागल्या. वाटेत मास्तरांचं दार ठोठावलं.

"मास्तर, चला. गनित तपासायचं हाय."

वरच्या गल्लीत भिमाजींच्या नळाखाली बादली ठेवून तिघं उभी राहिली. मास्तर घड्याळ लावून बसले. वीस मिनिटांत बादलीचा तळ ओला झाला, तोही नीट नाही. मास्तर ओट्यावरून खाली उतरले, गल्लीच्या टोकाशी जाऊन खाली मान करून वसाहतीचा उतार बघितला, परत आले आणि भिमाजींसमोर उभे राहिले.

"भिमाजीभाऊ, माझं गणित बरोबर होतं," ते म्हणाले. "जमीन वाकडी होती. ती मी धरली नव्हती. माफ करा."

"असू द्या, मास्तर. आता रजेचं जमत नाही, तेवढं बघा. आमच्या हिचा नवस राहिलाय."

ही गोष्ट तोवर कुणालाच ठाऊक नव्हती. वसाहतीला फेरे ठाऊक झाले होते, पण फेरे लिहिले कशासाठी हे विचारायचं राहून गेलं होतं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळी जमली. बदली माणूस नको, यावर पहिल्यांदाच तिन्ही गल्ल्यांचं एकमत झालं. परका माणूस आणून पुन्हा बुचं उडवायची कुणाला? पण मग त्या दिवशी पाणी सोडणार कोण? सुनील म्हणाला मी सोडतो, आणि सगळे इतके गप्प झाले की तोच म्हणाला, नको.

तेव्हा सुलाबाई बोलल्या. "पोटाला एकादशी असती ना? मंग नळाला एक दिस उपास. आदल्या दिशी भरून ठेवा. पोरांना आंघूळ नाय घातली तर मरत नायीत. ती तर म्हनतील, रोज एकादशी करा."

शुक्रवारचा ठराव झाला. आता राहिले साहेब.

"पाणी बंद ठेवायला कारण लागतं," साहेब म्हणाले. "तांत्रिक. नवस तांत्रिक नाही."

"व्हॉल्व्हना ग्रीस लावायचंय म्हणून लिहा," भिमाजी म्हणाले.

"लिहितो. पण दुरुस्तीच्या वेळी कर्मचारी जागेवर हजर पाहिजे. म्हणजे तुम्ही. आणि रजा मंजूर केली तरी मुख्यालय सोडायला वेगळी परवानगी लागते. ती वरून येते. महिना जातो."

भिमाजी खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. बावीस वर्षांत त्यांनी साहेबांपुढे आवाज चढवला नव्हता. तो आजही चढला नाही. ते मीनाताईंसारखे हळू बोलले.

"साहेब, बावीस वर्षांचे आठ हजार दिवस होतात. मास्तरांनी काढून दिलेत. त्यातला एक मला द्या. नाही दिलात तरी शुक्रवारी मी गडावर असणार. परत येईन तेव्हा नोकरी असली तर पाणी सोडीन. नसली तरी सोडीन, कारण दुसऱ्या कुणाला येत नाही."

साहेबांनी बराच वेळ टाचणीने दात कोरले. मग सही केली आणि परवानगीच्या रकान्यात लिहिलं, 'तोंडी दिली'. भिमाजी मात्र बाहेर पडले ते अस्वस्थच. खोट्या कागदावर देवीकडे जायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून गुरुवारी दुपारी, उन्हाच्या कारात, त्यांनी तिन्ही खड्ड्यांत उतरून तिन्ही व्हॉल्व्हना खरोखर ग्रीस लावलं, आणि कोपरापर्यंत काळे झालेले हात रॉकेलने धुऊन संध्याकाळची पाळी केली. ग्रीसचा वास गडापर्यंत त्यांच्यासोबत गेला.

गडावर खानदेशातून पायी आलेल्या माणसांचा पूर लोटला होता. शुक्रवारी उजाडताच जोडी पहिल्या पायरीशी उभी राहिली. मीनाताई वाकत, हळद, कुंकू, नमस्कार. भिमाजी मागून करंडा धरून. शंभराव्या पायरीला त्यांची कंबर धरली, दोनशेला गुडघे बोलू लागले. मीनाताई थांबल्या नाहीत. वीस वर्षं त्या मनातल्या मनात या पायऱ्या चढत होत्या. आता पायांना नुसतं मागून यायचं होतं. अडीचशेला भिमाजी म्हणाले, "थोडं बसू या." मीनाताई म्हणाल्या, "बसलेल्या पायरीचं पुण्य मिळत नाही." हे कुठल्या पोथीत आहे ते भिमाजींनी विचारलं नाही.

वर अठरा हातांच्या आईसमोर त्या ओटी भरत असताना भिमाजींनीही हात जोडले. मीनाताईंनी डोळे न उघडता त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं.

"हात जोडा," त्या पुटपुटल्या. "फिरवू नका."

परतीचं म्हणाल, तर पौर्णिमेच्या गर्दीत एसटी मिळणं हा वेगळा नवस बोलायचा विषय. चार गाड्या टपापर्यंत भरून गेल्या. भिमाजी पाचवीच्या दारात अर्धे चढले आणि पिशवीसकट परत खाली आले. शेवटी वणीहून नाशिकच्या मार्केट यार्डाला निघालेला कांद्याचा टेम्पो मिळाला. ओटीचा नारळ मांडीवर घेऊन मीनाताई पोत्यांवर मांडी घालून बसल्या, जशा काही पालखीत.

शनिवारी उजाडता उजाडता, पाच वाजून वीस मिनिटं उलटल्यावर, टेम्पोने त्यांना रेणुकानगरच्या तोंडाशी उतरवलं. सुलाबाईंच्या तुळशीपाशी सगळी वसाहत उभी. रिकामे हंडे, रिकाम्या कळश्या, आणि उपास सुटायची वाट बघणारी तोंडं. उशीर का झाला असं कुणी विचारलं नाही. बायका पुढे झाल्या, मीनाताईंच्या पाया पडल्या. गडावरून आलेले पाय होते ते, कांद्याचा वास येत असला तरी. ज्योत्स्नाने घरातून चावी आणून बाबांच्या हातात दिली.

भिमाजींनी खड्ड्यात चावी घातली आणि थांबले. सगळ्यांच्या नजरा मनगटावर होत्या. मास्तरांच्या ते ध्यानात आलं.

"पाठ फिरवा सगळ्यांनी," मास्तर म्हणाले आणि आधी स्वतः वळले.

वसाहत वळली. पण ग्रीस लावूनही जुनी चावी दर फेऱ्याला कण्हत होतीच, आणि कानांना पाठ नसते. तेव्हा सुलाबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला आणि देवीची आरती सुरू केली, मोठ्याने, कुणाला मोजता येऊ नये म्हणून. बायकांनी उचलून धरली. खालचा व्हॉल्व्ह झाला, मिरवणूक मधल्या गल्लीत गेली. तिथे सुनीलने ताट वाजवलं आणि मास्तर जागच्या जागी खोकत राहिले. आरती चढाने वर गेली, भिमाजींच्या दाराशी पोचली, आणि तिथे एक अशी गोष्ट घडली जी बावीस वर्षांत घडली नव्हती. त्या गजरात भिमाजींचा स्वतःचा हिशेब चुकला. अकरा झाले की बारा, की सोळा, त्यांना कळेना.

कळलं ते घरातून. मोरीतला नळ भरल्या आवाजाने बोलू लागला. अशी धार त्या घराने कधी पाहिली नव्हती.

"जास्त झाले," भिमाजी म्हणाले आणि त्यांनी चावी उलटी फिरवायला धरली.

मीनाताईंनी चावीवर हात ठेवला. त्यांची बोटं अजून हळदीने पिवळी होती.

"राहू द्या थोडं."

"अगं, खालच्यांचं कमी होईल. एक कळशी भरेपर्यंत ठेवतो. एकच."

"दोन," मीनाताई म्हणाल्या, इतक्या हळू, की भिमाजींना ऐकण्यासाठी थांबावंच लागलं.